अध्यक्षांच्या खुर्चीवरचा कोट

१

खोलीत अध्यक्ष नव्हते. कोट होता.

बाळ्याने टेबलाखाली पाहिलं, पडद्यामागे पाहिलं, आणि घाबरलेला माणूस काय वाटेल ते करतो, तसं कोटाच्या आतही पाहिलं. कोटात कुणी नव्हतं. छतात मात्र काहीतरी वाजत होतं. ठक. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा ठक.

एसी असेल, असं बाळ्याने स्वतःला सांगितलं. स्वतःने सांगितलेल्या गोष्टींवर त्याचा एरवीही फारसा विश्वास नसे.

बाळ्या हा सचिवालयात पर्यावरण विभागाचा कक्ष अधिकारी. त्याचं खरं नाव दारावरच्या पाटीवर होतं, पण पाटीचा काही उपयोग झाला नाही. त्याची सख्खी आत्या याच इमारतीत सुरक्षा निरीक्षक होती. तिने पहिल्याच दिवशी जिन्यातून "बाळ्याऽ, डबा घेतलास का रे?" अशी हाक मारली, आणि तेव्हापासून सगळी इमारत त्याला बाळ्या म्हणू लागली. सचिव तेवढे शिष्टाचार म्हणून 'बाळ्यासाहेब' म्हणत.

गेलं वर्षभर बाळ्या एकच काम करत होता. राज्य हवामानबदल धोरण अभ्यास आयोग स्थापन करणे. हे नाव ठरवायला आधी एक समिती स्थापन झाली होती. पाटी रंगवणाऱ्याने जागा पुरेना म्हणून त्यातला 'अभ्यास' गाळला, आणि ते अजून कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

आज अधिवेशनाचा शेवटचा दिवस. दुपारी मंत्री सभागृहात आयोगाची घोषणा करणार होते. त्याआधी नियोजित अध्यक्षांनी मंत्र्यांसमोर उभं राहून संमती द्यायची होती. संमती नाही तर घोषणा नाही, आणि घोषणा नाही तर आयोग पुढच्या अधिवेशनावर. पुढच्या अधिवेशनावर गेलेली गोष्ट या इमारतीत पुन्हा कुणाच्या दृष्टीस पडल्याचं ऐकिवात नव्हतं.

अध्यक्ष म्हणजे हवामानशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. सगळे त्यांना सर म्हणत. सत्तरी ओलांडलेले, किडकिडीत, अर्ध्या बाह्यांचा सुती सदरा आणि काखेत लाकडी मुठीची काळी छत्री. छपराखाली असले की छत्री मागेच कोपऱ्यात उभी करून ठेवायचे आणि विसरून इमारतभर हिंडायचे. उन्हात मात्र तिच्याशिवाय एक पाऊल टाकायचे नाहीत.

सर सकाळी लवकर आले होते. तेव्हापासून ज्याने ज्याने विचारलं त्याला बाळ्याने "सर आत आहेत" असं छातीठोक सांगितलं होतं. कारण दार किलकिलं करून त्याने पाहिलं होतं. खुर्चीवर कोट होता.

यात त्याचं काही चुकलं, असं इमारतीत कुणी म्हणालं नसतं. इथे प्रत्येक साहेबाचे दोन कोट असत. एक अंगाचा आणि एक खुर्चीचा. खुर्चीचा कोट रुजू झाल्या दिवशी पाठीवर चढायचा, तो थेट बदली झाल्यावर उतरायचा. भेटायला आलेल्या माणसाला शिपाई कोट दाखवायचा आणि म्हणायचा, "साहेब आहेत. जागेवर नाहीत, पण आहेत." एक साहेब निवृत्त झाल्यावरही त्यांचा कोट कित्येक महिने सेवेत होता. उशिरा येण्याबद्दल त्याला एक नोटीसही निघाली होती.

तेव्हा कोट दिसला म्हणजे माणूस आहे. हे इतकं साधं होतं की बाळ्याने सकाळपासून त्यावर विचारच केला नव्हता. आता केला.

सर कोट घालत नाहीत.

वर छतात पुन्हा वाजलं. ठक.

२

आत्या आली ती खोकल्याची गोळी चघळत. तिला खोकला नव्हता. गोळी तोंडात असली की समोरचा माणूस जास्त बोलतो, असं तिचं म्हणणं होतं.

"कधीपासून नाहीत?"

"माहीत नाही. मी सगळ्यांना आहेत म्हणून सांगत होतो."

"पाहिलं होतंस?"

"कोट पाहिला होता."

"शाब्बास. याच्यासाठी माझ्या भावाने हाडाची काडं केली." आत्याने गोळी एका गालातून दुसऱ्या गालात घेतली. "फाटकावर विचारलंय मी. सर आत आले, बाहेर गेलेले नाहीत. एकूण एक फाटकं सांगतायत. म्हणजे माणूस इमारतीतच आहे. जिवंत आहे की कसा, ते वेगळं."

बाळ्याने खुर्चीचा आधार घेतला. मग खुर्ची कुठली आहे ते लक्षात येऊन सोडला.

"आत्या, असं नको ना बोलूस."

"बोललं नाही म्हणून माणूस सापडतो का? छत्री कुठंय त्यांची?"

"नाहीये. त्यांच्याबरोबर असेल."

"हं." आत्याने दारामागचा कोपरा निरखून पाहिला. मग भिंतीवरचा एसीचा आकडा पाहिला. अठरा. "सर एसी लावायचे?"

"छे. आले की आधी बंद करायचे आणि खिडकी उघडायचे."

"आज सगळ्या इमारतीत अठरावर आहे. माझ्या चौकीत मी मफलर गुंडाळून बसले होते." तिने तिथूनच एसीवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, सकाळी वरून आदेश आला. कुणाचा? साहेबांचा. कुठल्या साहेबांचा? असं विचारायची इथे पद्धत नव्हती. त्यामुळे त्यानेही विचारलं नव्हतं.

मग आत्या कोटाकडे वळली. आधी नुसतं पाहिलं. खांद्यांवर खुर्चीच्या पाठीचे दोन कोपरे उमटले होते. माणसाच्या खांद्याला तसे कोपरे नसतात. तिने खिशात बोट घालायचा प्रयत्न केला. बोट जाईना. खिसे शिवलेले होते, नवा कोट दुकानातून येतो तसे.

"हा कोट आजपर्यंत कुणी घातलेलाच नाही," आत्या म्हणाली. "हा खुर्चीचा कोट आहे. कुठल्यातरी दुसऱ्या खुर्चीवरून उचलून इथे टाकलाय. म्हणजे सर आहेत असं सगळ्यांना वाटावं. आणि तुला वाटलं."

ती सावकाश वळली. आत्याच्या नजरेत निरीक्षक बाई उतरल्या की बाळ्याला लहानपणापासून घाम फुटायचा. अठरा अंशांतही फुटला.

"बाळ्या, तुझ्या खुर्चीवरचा कोट कुठंय रे?"

३

"अंगात," बाळ्या म्हणाला.

आत्याने त्याला खालून वर पाहिलं.

"थंडी वाजत होती म्हणून घातला. खिसे बघ हवं तर." त्याने खिसे उलटे केले. बसची तिकिटं, एक बटण आणि विरघळलेलं चॉकलेट खाली पडलं.

"खुर्चीचा कोट घालणारा इमारतीतला तू एकटाच असशील. सुटलास. चल."

पहिला संशयित, आयोगाचा सल्लागार. सरांनी नकार दिला असता तर अध्यक्षपद त्याच्याकडे गेलं असतं, या गोष्टीची तो आयोगाच्या तयारीच्या प्रत्येक बैठकीत 'हे मला अजिबात नकोय' असं म्हणून आठवण करून द्यायचा. बाहेरचा माणूस. महिन्यातून एकदा विमानाने यायचा, हवामान बिघडतंय असं सांगायचा आणि विमानाने परत जायचा.

"सर मला फार आवडायचे," तो म्हणाला.

"आवडायचे?" आत्याने विचारलं.

सल्लागाराचा चेहरा पांढरा पडला. "आवडतात! आवडतात म्हणालो मी. काय झालंय त्यांना?"

"तुम्ही सांगा. सकाळी त्यांच्या खोलीत गेला होता?"

"दारातूनच परतलो. खुर्चीवर कोट दिसला, म्हणजे कुठेतरी बाहेर गेलेत. एवढ्या उन्हात कोण कोट घालून जाणार? ठेवून गेले असतील." त्याने घसा खाकरला. "छतात कुणीतरी ठोकतंय का हो? सकाळपासून डोकं उठलंय."

बाळ्याने चमकून वर पाहिलं. म्हणजे हे फक्त त्यालाच ऐकू येत नव्हतं.

दुसरी संशयित, मंत्र्यांच्या पीए बाई. दोन फोन दोन्ही कानांना आणि तिसरा टेबलावर थरथरतोय.

"सर मिळाले? नाही? बाळ्या, मंत्र्यांना मी तीनदा सांगितलंय की सर आहेत. तू मला सांगितलंस म्हणून सांगितलं. सर आले नाहीत तर तुझं नाव मी स्वतः पोलिसांना देणार आहे, कळलं? निरीक्षक बाई, तुमचा भाचा असला म्हणून काय झालं!"

"द्या की," आत्या म्हणाली. "तुमचा कोट कुठं असतो?"

"बायकांना कोट कुठला? आम्ही पर्स ठेवतो." त्यांनी खुर्चीवरच्या पर्सकडे बोट दाखवलं. धूळ बसली होती. "जा, उपसचिव साहेबांना विचारा. ते एक बरे आहेत. एरवी फोन वाजून वाजून बंद पडतो, आज दरवेळी स्वतः उचलतायत. सकाळपासून जागचे हलले नाहीत. बरं नाहीये की काय त्यांना?"

उपसचिव पर्यावरण विभागाचेच. बाळ्याचे थेट साहेब. ते खरोखरच जागेवर होते. मोठ्या खुर्चीत ताठ, अंगात कोट, चेहऱ्यावर काळजी. ती खुर्ची तपकिरी रंगाची आहे, हे बाळ्याला आज पहिल्यांदाच कळलं.

"फार वाईट झालं," साहेब म्हणाले. "वय झालेलं. उन्हाचं कुठे चक्कर येऊन पडले असतील. शहरातली हॉस्पिटलं बघितलीत?"

"ते इमारतीतच आहेत, साहेब."

"असं?" त्यांनी पाण्याचा ग्लास उचलला. ठक, असं वर वाजलं. पाणी थोडं सांडलं. "पाइप. उन्हाने वाजतात. मी तक्रार केलेली आहे."

ठक.

"काल बैठकीत काही झालं होतं?" आत्याने विचारलं.

"काही नाही. मतभेदाचं काहीच..."

ते थांबले. तिघंही थांबले. पुढचा आवाज यायची वेळ झाली होती, आणि आला नाही. बाळ्या छताकडे बघत राहिला. आत्याने गोळी चघळायची थांबवली.

आवाज आलाच नाही.

"बघा," साहेब म्हणाले, आणि रुमालाने ओठ टिपले. "थांबला. पाइपच."

४

बाहेर आल्याबरोबर बाळ्याने दार मागे ओढून घेतलं.

"आत्या, तो पाइप नव्हता."

"मला काय सांगतोस? काल बैठकीत काय झालं ते सांग. लवकर."

बाळ्याने सांगितलं. सर म्हणाले होते की आयोगाचा पहिला विषय म्हणजे शहराबाहेरची नवी वसाहत. मागच्या पुरात ती वाहून गेली, माणसं गेली, कारण ती बुजवलेल्या तळ्यावर उभी होती. तळं बुजवायची परवानगी कुणी दिली, इथपासून सुरुवात करू, असं सर म्हणाले, आणि सगळे आपापल्या चहाकडे बघू लागले.

"आणि?"

"आणि काही नाही. मग सरांनी सगळ्यांना एक वेडपट प्रश्न विचारला. म्हणाले, या खोलीतला उकाडा तुम्ही काढून घेता, तो टाकता कुठे? मला ती जागा बघायची आहे. सगळे हसले."

आत्या हसली नाही. तिने तोंडातली गोळी कडकन फोडली. बाळ्याने आयुष्यात तिला गोळी फोडताना पाहिलं नव्हतं.

"छपराखाली असले की सर छत्रीचं काय करतात?"

"कोपऱ्यात ठेवून विसरतात."

"आज कोपऱ्यात नाही. म्हणजे घेऊन गेले. इमारतीबाहेर तर गेले नाहीत. मग इमारतीच्या आत ऊन कुठे असतं रे, मूर्खा?"

बाळ्याने तोंड उघडलं. बोट आपोआप वर गेलं.

"गच्ची," तो म्हणाला, आणि आत्या त्याच्या आधीच जिन्याला लागली होती.

५

बाळ्याला भीती वाटायच्या गोष्टींमध्ये लिफ्ट, उंची, कुत्री, सचिव आणि आत्या होती. गच्चीचं दार ढकलल्यावर त्यात उन्हाची भर पडली.

बाहेर पाऊल टाकताच तोंडावर कुणी तापलेला तवा धरावा तसं झालं. पुढे पत्र्याची खोली होती. आत इमारतीतल्या सगळ्या एसींची यंत्रं, आणि ती सगळी आज जीव तोडून चालली होती. खाली जेवढं गार, तेवढं इथे गरम. पत्रा थरथरत होता. त्या घरघरीत आत कुणी बोंबललं असतं तरी बाहेर ऐकू आलं नसतं. खोलीतून एक जाड धातूचा पाइप जमिनीत, म्हणजे खालच्या छतात, शिरत होता.

दाराला बाहेरून कडी होती. लावलेली.

आत्याने पदराने धरून ती ओढली. "तू आत जा. मी यंत्रं बंद करायला सांगते. खाली फोन लागत नाहीये, जिन्यात जाते."

"मी?"

"नाही, मंत्री! जा!"

बाळ्या गेला. असं का केलं ते त्याला नंतरही सांगता आलं नाही. आत दिसत नव्हतं. श्वास घेतला की घशात चटका बसत होता. त्याने "सर?" असं म्हटलं, आणि स्वतःचा आवाज त्याला मांजराच्या पिल्लासारखा वाटला. यंत्रांच्या मधून तो हातांनी चाचपत सरकला. पायाला काहीतरी लागलं. वाकून उचललं तर छत्री. लाकडी मूठ पाइपवर आपटून आपटून फुटली होती.

छत्रीच्या दुसऱ्या टोकाला एक हात होता. हात हलत नव्हता.

तेवढ्यात यंत्रं एकामागून एक बंद पडली. इतकी शांतता झाली की बाळ्याला आपलं हृदय ऐकू आलं. मग आणखी एक बारीक आवाज आला. त्याने कान सरांच्या तोंडापाशी नेला.

"किती," सर पुटपुटले, "किती अंशांवर ठेवलाय?"

"अठरा," बाळ्या म्हणाला, आणि रडायला लागला.

"गाढव आहात," सर म्हणाले, आणि त्यांची शुद्ध हरपली.

६

सरांना स्ट्रेचरवर खाली नेलं. डॉक्टरने सांगितलं की आणखी थोडा वेळ गेला असता तर काही खरं नव्हतं. आत्या उपसचिवांच्या खोलीत गेली तेव्हा पीए, सल्लागार आणि बाळ्या मागे होते. आत्याच्या हातात तो कोट होता.

"सर सापडले," ती म्हणाली. "जिवंत."

साहेब उठले नाहीत. "वा. छान झालं."

"तुम्हाला कोट परत द्यायला आले."

"माझा कोट माझ्या अंगात आहे, बाई."

"तो अंगाचा. खुर्चीचा कुठंय?"

साहेबांनी मागे पाहिलं नाही. बाकी सगळ्यांनी पाहिलं. खुर्चीची तपकिरी पाठ उघडी होती.

"ज्याने हा कोट सरांच्या खुर्चीवर टाकला," आत्या म्हणाली, "त्याला पक्कं माहीत होतं की कोट पाहून लोक माणूस आहे असं समजतात. सल्लागारांना ते माहीत नाही. त्यांनी कोट पाहिला आणि सर बाहेर गेले असं समजले. शहाणा माणूस तेच समजेल. पीए बाईंना कोटच नाही. बाळ्याच्या कोटात चॉकलेट आहे. आणि तुम्ही? तुम्ही आज सकाळपासून जागचे हलला नाहीत. फोनसुद्धा स्वतः उचललात."

"काम करणं गुन्हा आहे का?"

"इतकी वर्षं तुमचं काम हा कोट करत होता, साहेब. आज त्याला दुसरीकडे पाठवलंत, म्हणून तुम्हाला स्वतः बसावं लागलं."

पीए बाईंचा फोन वाजत होता, पण त्या उचलत नव्हत्या.

"मी त्यांना मारणार नव्हतो," साहेब शेवटी म्हणाले. आवाज अगदी शासकीय होता. "त्यांना उकाडा कुठे जातो ते बघायचं होतं. मी दाखवलं. संध्याकाळी अधिवेशन संपलं की कडी काढणार होतो. विषय फक्त पुढे ढकलायचा होता. तळ्याच्या परवानगीवर माझी एकट्याची सही नव्हती हो."

"ते ठोकत होते. तुम्हाला ऐकू येत होतं."

"येत होतं ना. म्हणून तर एसी वाढवायला सांगितला. घरघर वाढली की..." ते थांबले.

"तुम्ही खाली गार करत होता," बाळ्या म्हणाला. आपण साहेबांशी बोलतोय हे त्याला बोलल्यावर कळलं. "तेवढे ते वर भाजत होते."

उपसचिवांनी त्याच्याकडे खरोखर आश्चर्याने पाहिलं.

"असं असतं का?" पर्यावरण विभागाच्या उपसचिवांनी विचारलं.

त्या दुपारी मंत्री सभागृह सोडून हॉस्पिटलात गेले, कारण संमती समोरासमोर द्यायची असा नियम होता आणि नियमात समोर कुणी यायचं ते लिहिलेलं नव्हतं. शुद्धीवर आलेल्या सरांनी सलाईनच्या हाताने संमती दिली, मंत्री सभागृहात परतले, आणि तिथल्या गॅलरीत बसलेल्या बाळ्याने घोषणा आपल्या कानांनी ऐकली. आयोग स्थापन झाला.

कोट पुरावा म्हणून आत्याच्या चौकीत आहे. खुंटी नसल्यामुळे तिने तो एका रिकाम्या खुर्चीवर टाकलाय. येणारे जाणारे त्याला नमस्कार करतात. परवा एक जण तासभर त्याच्यासमोर बसून होता. साहेब आहेत पण जागेवर नाहीत, असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं.

आयोगाच्या बैठका आता खिडक्या उघड्या ठेवून होतात. सरांनी छत्रीला नवी मूठ बसवलीय. पहिला विषय तळं, ठरल्याप्रमाणे. बाळ्या टिपणं घेतो. मात्र मधेच कधीतरी वर छतात वाजतं, आणि बोलणारा माणूस वाक्य अर्धवट सोडतो. सगळे बाळ्याकडे बघतात. तोवर त्याची खुर्ची रिकामी झालेली असते. जिन्यात त्याची पावलं ऐकू येतात, वर, वर, आणि मग गच्चीच्या दाराची कडी.

पाइपच असतो. आजवर प्रत्येक वेळी पाइपच निघालाय.